रीटा म्हणजेच ऋता का? 'मार्गारेट' नावाचं मूळ आणि अर्थ हवा आहे

आत्या_कोथरूड

मंडळी, नावांच्या मुळाशी जाणारं कुणी इथे असेल तर कृपया वेळ काढा. येत्या रविवारी बारसं आहे आणि नावावरून घरात गाडी अडली आहे.

माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. भावजय मराठी ख्रिस्ती, कॅथलिक. माहेर मूळचं राहुरीकडचं, पण ती वाढली नाना पेठेत, क्वार्टर गेटच्या सिटी चर्चजवळ. आईवडील दोघेही फिरतीच्या नोकरीत, त्यामुळे तिला आजीनेच वाढवलं. आजीचं नाव मार्गारेट. अख्खी गल्ली त्यांना मागूआजी म्हणायची. आयुष्यभर नर्सची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावरही वाड्यात कुणाचं मूल रात्री रडायला लागलं की आधी मागूआजींचं दार वाजायचं. त्या आता नाहीत. भावजयीची एवढीच इच्छा आहे की मुलीला आजीचं नाव लागावं. 'मार्गारेट' आजच्या शाळेत जड जाईल असं तिचं तिलाच वाटतं, म्हणून तिने 'रीटा' काढलं. तिच्या माहेरी सांगतात की रीटा हे मार्गारेटचंच छोटं रूप.

आता आमच्या आईचं म्हणणं. आईचा नावाला विरोध नाही, हे आधीच सांगते. ती म्हणते, "रीटा म्हणजे आपलं ऋताच की! पत्रिकेत ऋता छापू, घरी रीटा म्हणा, दोन्ही घरं खूश." भाऊ म्हणतो, काय फरक पडतो. भावजय तेव्हा काही बोलली नाही. रात्री मला म्हणाली, "ताई, मला आजीचं नाव हवंय. आजीच्या नावासारखं ऐकू येणारं दुसरं नाव नकोय."

बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. जे नाव सांगायचं ते कुठून आलं हे मला नीट माहीत असायला हवं. रीटा आणि ऋता खरंच एक आहेत का? मार्गारेटचा अर्थ काय? नाव ग्रीक आहे म्हणतात, मग ते कुणा ग्रीक देवीचं वगैरे आहे का? आणि सोसायटीतल्या एका काकांनी सांगितलं की मार्गारेट हे मुळात आपल्या 'मंजिरी'वरून तिकडे गेलं. ते ऐकून आई फारच खूश झाली आहे. त्यात कितपत तथ्य आहे?

ऋतंभरा

ताई, आईंचं बरोबर आहे असं मला वाटतं. 'ऋत' ही वेदांतली फार मोठी कल्पना. सूर्य वेळेवर उगवतो, ऋतू आपापल्या क्रमाने येतात, नद्या वाहतात, ते सगळं ऋताने बांधलेलं. त्याचं स्त्रीलिंगी रूप ऋता. युरोपातल्या भाषा आणि संस्कृत एकाच कुळातल्या, तेव्हा तिकडचं रीटा आणि इकडचं ऋता मुळात एकच असणार. निःशंक ऋता ठेवा, अर्थही थोर आहे.

ग्रीकच्या_बाई

आत्याबाई, अभिनंदन! मी नोकरीची सगळी वर्षं पुण्यात नव्या कराराची ग्रीक शिकवली. तुम्ही विचारलेला शब्द आमच्या दुसऱ्या सत्रात यायचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रीटा आणि ऋता एक नाहीत. ऋतंभरा यांनी ऋताबद्दल लिहिलं आहे ते खरं आहे, आणि संस्कृत-ग्रीक एका कुळातल्या आहेत हेही खरं. पण हे नाव त्या वाटेने आलेलं नाही. 'मार्गारीटा' या लांब नावाचा पुढचा भाग गळला आणि 'रीटा' उरलं. इटालियनमध्ये मार्गेरीता, स्पॅनिशमध्ये मार्गारीता, दोन्हीकडे लाडाने शेवटचाच तुकडा घेतात. या दोन अक्षरांना स्वतःचा वेगळा धातू नाहीच, त्यामुळे त्यांत ऋत शोधून सापडणार नाही. हॉलिवूडची रीटा हेवर्थ घ्या, जन्मनाव मार्गारीटा कार्मेन कान्सिनो.

शिवाय आपल्या उच्चाराचं काय? मराठीत ऋ म्हणजे रु. ऋतुजाला आपण रुतुजा म्हणतो, ऋषीला रुषी. पत्रिकेत ऋता छापलंत तर बारशाला आलेली प्रत्येक काकू बाळाला 'रुता' म्हणणार. ऋता आणि रीटा जुळल्यासारखी वाटतात ती हिंदी उच्चारात. मराठी ख्रिस्ती घरांत रूथ नाव पुष्कळ असतं. ऋता त्याच्या जास्त जवळ जाईल, आणि रूथ तर हिब्रू.

आता मार्गारेट. ग्रीकमध्ये 'मार्गारितेस' म्हणजे मोती. देवीचं नाव नाही, कुठल्या पुराणकथेतलं पात्र नाही, शिंपल्यात सापडणारा साधा मोती. ग्रीकमध्ये हा शब्द पुल्लिंगी आहे. लॅटिनने तो उचलला तेव्हा 'मार्गारिता' असा स्त्रीलिंगी झाला, आणि मुलींची नावं त्या लॅटिन रूपावरून पडली. अर्थ ग्रीक, घडण लॅटिन.

तुमच्या भावजयीला हा शब्द वेगळ्या वाटेने ओळखीचा असणार. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात चांगल्या मोत्यांच्या शोधात फिरणारा व्यापारी आहे. एक फार मोलाचा मोती सापडल्यावर तो असलेलं सगळं विकून तेवढा एक विकत घेतो. तिथे ग्रीकमध्ये हाच शब्द आहे. आपले मोती डुकरांपुढे टाकू नका, हे सातव्या अध्यायातलं वाक्य, तिथेही हाच. आणि प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायात, नव्या यरुशलेमच्या बारा वेशी म्हणजे बारा मोती, एकेक वेस एकाच मोत्याची. पंडिता रमाबाईंनी आपल्या पुण्याजवळच्या केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ साली जाईपर्यंत त्या कामात होत्या. या ओळींपाशी त्यांच्यासमोर मार्गारितेसच होता. मराठी बाईच्या हाताखालून हा शब्द शंभर वर्षांपूर्वीच गेलेला आहे. तो आपल्याला परका वाटायचं कारण नाही.

पण खरी रंगत पुढे आहे. हा शब्द ग्रीकांचा स्वतःचा नाही. मोतीच त्यांच्या समुद्रातला नव्हता! इ. स. पू. ३०० च्या सुमारास थिओफ्रास्टस या ग्रीक विचारवंताने खनिजांवर ग्रंथ लिहिला, त्यात मार्गारितेसचा उल्लेख येतो आणि तो भारतात व एरिथ्रियन समुद्रातल्या काही बेटांवर मिळतो असं तो सांगतो. एरिथ्रियन समुद्र म्हणजे त्यांच्या बोलण्यात आपला अरबी समुद्र, इराणचं आखात वगैरे सगळा पट्टा. पुढे दुसऱ्या शतकात एरियन नावाच्या ग्रीक लेखकाने भारतावर पुस्तक लिहिलं. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनिसचं लेखन त्याच्यासमोर होतं. त्यात एक कथा आहे. ग्रीक पुराणातला वीर हेराक्लीस भारतात आला, समुद्रात त्याला एक नवाच अलंकार सापडला, आणि तो त्याने आपल्या मुलीला नटवायला ठिकठिकाणच्या समुद्रांतून गोळा करवला. मुलीचं नाव पांदाइया. पुढे एरियन म्हणतो की समुद्रातल्या या मोत्याला मार्गारिता म्हणतात ते भारतीयांच्या भाषेत! भारतात मोत्याला त्याच्या वजनाच्या तिप्पट शुद्ध सोनं मिळतं, हेही तिथेच आहे.

पांदाइया वाचून तुम्हाला दक्षिणेतले पांड्य राजे आठवले असतील तर योग्यच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोत्यांचे प्रकार त्यांच्या उगमावरून दिले आहेत, त्यात ताम्रपर्णीचे आणि पांड्यकवाटाचे मोती अगदी सुरुवातीला येतात. तमिळनाडू आणि श्रीलंका यांच्यामधलं मन्नारचं आखात तेच. एका बापाने लेकीसाठी जगभरचे मोती आणवले, अशी या शब्दाची सर्वांत जुनी गोष्ट आहे. बारशाला सांगण्यासारखी आहे.

मात्र सावध राहा. एरियनने भारतीय शब्द म्हटला म्हणून तो संस्कृत ठरत नाही. 'मंजिरी'चं तुम्ही विचारलंत. संस्कृत कोशात मंजरीचे अर्थ मोहोर, तुरा, कळ्यांचा घोस असे आहेत आणि त्यांत एक मोती असाही दिलेला आहे. त्यावरून जुन्या व्युत्पत्तिकारांनी मार्गारितेस आणि मंजरी यांचा धागा जोडला. सोसायटीतले काका तिथूनच बोलले असणार, ते मनचं सांगत नाहीत. आता मात्र अभ्यासकांचा कल इराणी भाषांकडे आहे. फारसीत मोत्याला आजही मरवारीद म्हणतात, आणि म-र-र अशी ती ठेवण मार्गारितेसला मंजरीपेक्षा जवळची आहे. ग्रीकांना मोती मुख्यतः इराणी लोकांच्या हातून कळला, तेव्हा शब्दही तिथूनच आला असेल हे पटण्यासारखं आहे. आईंना सांगताना 'शब्द पूर्वेकडून गेला' असं सांगा. ते निर्धास्त सांगता येईल. 'मंजिरीवरून गेला' असं ठासून सांगू नका.

नाव म्हणून त्याचा प्रसार संतांमुळे झाला. अंत्युखियाची मार्गारेट, चौथ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सम्राट डायोक्लीशनने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात हुतात्मा झाली अशी परंपरा. अजगराने गिळलं आणि त्याचं पोट फाडून ती बाहेर आली, या कथेमुळे बाळंतिणींची ती पाठराखीण झाली. गंमत म्हणजे ग्रीक चर्च तिला मरीना म्हणतं. ग्रीक शब्दाचं नाव पश्चिमेने घेतलं आणि ग्रीकांनी त्याच संतीणीला लॅटिन नाव दिलं. मग स्कॉटलंडची राणी मार्गारेट, १०९३ साली गेली, १२५० साली संतपद मिळालं. तिच्यानंतर ब्रिटिश बेटांवर हे नाव घरोघरी झालं.

रूपं तर विचारूच नका. मेग, मॅगी, पेगी, मार्जोरी, मार्गो, ग्रेटा, ग्रेटेल. फ्रेंचमध्ये मार्गरीत म्हणजे नाव तर आहेच, शिवाय डेझीचं फूलही, म्हणून इंग्रजांत मार्गारेटला डेझी हाक मारायची पद्धत पडली. नूडल्सच्या मॅगीचा मात्र संबंध नाही, ते स्वित्झर्लंडच्या युलियुस मागीचं आडनाव.

आणि आईंसाठी एक. भगिनी निवेदिता यांचं जन्मनाव मार्गारेट एलिझाबेथ नोबल.

माझं मत विचाराल तर पत्रिकेत रीटाच छापा. ऋता सुंदर नाव आहे, ते दुसऱ्या कुणा बाळाला ठेवा. या बाळाला ठेवलंत तर मागूआजींचं नाव त्यातून पुसलं जाईल, आणि भावजय तुम्हाला रात्री तेच सांगत होती.

गाठवणी_रविवारपेठ

बाईंनी सगळं लिहिलंच आहे. आमची मोती गाठवायची पिढीजात पटवेकरी. सोन्या मारुती चौकाच्या मागे दुकान. मोत्याचा विषय निघाला म्हणून लिहावंसं वाटलं.

जुन्या पुणेरी घरांतून तन्मणी, चिंचपेटी, नथ, कुड्या दुरुस्तीला येतात. त्यांत अजून बसऱ्याचे मोती निघतात, म्हणजे इराणच्या आखातातले. बाई मरवारीद म्हणतात, तो त्याच पाण्यातला माल. कल्चर मोती आला जपानातून, मिकीमोतोने १८९३ साली पहिला काढला. त्याच्या आधीचा दागिना असेल तर मोती समुद्राने स्वतःच केलेला. एक सारखा नसतो. कुणी किंचित पिवळा, कुणाला गुलाबी झाक, एखादा एका बाजूने चपटा. आम्ही पाट मांडून, पांढऱ्या कापडावर आधी चढउतार लावतो, मग रेशमात एकेक ओवून मध्ये गाठ घेतो. गाठ मोत्याच्या तोंडाशी घट्ट बसली पाहिजे. सैल राहिली तर मोत्याला मोती घासतो आणि तुटलं तर सगळे घरंगळतात.

खरा की खोटा बघायचा असेल तर समोरच्या दातावर हलकेच फिरवा. खऱ्याला बारीक खरखर लागते, काचेचा गुळगुळीत जातो. आणि मोत्याला अत्तर, घाम, लिंबू काही सोसत नाही, चुन्याच्या जातीचा आहे तो. कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, सुती कापडात ठेवा, अधूनमधून घाला.

बाळाला मोत्याचं नाव ठेवताय, छान आहे. आमच्याकडे मोती सोन्याआधी मोजतात.

ऋतंभरा

बाई, मराठीत 'ऋ'चा 'रु' होतो हा मुद्दा मान्य. पण मग मोतीच ठेवायचा तर 'मुक्ता' का नको? अर्थ तोच आणि नाव आपलं.

ग्रीकच्या_बाई

मुक्ता फार देखणं नाव आहे. शिंपल्यातून सुटलेला तो मुक्त, म्हणून मुक्ता, मौक्तिक, आणि प्राकृतातून आलेला आपला मोती. आळंदीच्या मुक्ताबाई तर आहेतच, आणि आपल्या पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे. १८५५ साली तिने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्ञानोदय मिशनऱ्यांचं पत्र, म्हणजे नगर-पुण्याच्या मराठी ख्रिस्ती घरांत वाचलं जाणारं. तेव्हा मुक्ता त्या घरालाही जवळचं आहे.

पण मूळ प्रश्न मोती या अर्थाचा नाही. भावजयीला आजीचं नाव हवं आहे. अर्थ सांभाळून नाव बदललं तर मागूआजी कुठे राहिल्या? दुसरं नाव म्हणून मुक्ता ठेवायचं असेल तर दोघींनी मिळून ठेवावं, ते छान होईल.

आत्या_कोथरूड

बाई, तुमचं सगळं आईला वाचून दाखवलं. पांदाइयाची गोष्ट तिला फार आवडली, दोनदा वाचायला लावली. निवेदितांचं नाव ऐकून म्हणाली, "अगं, हे मला कुणी सांगितलंच नाही." गाठवणीदादा, तुमचं वाचून तिने तिच्या आईची चिंचपेटी कपाटातून काढली. ती प्लॅस्टिकच्या पिशवीतच होती. आता सुती रुमालात आहे, पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे घेऊन येते.

एक शंका उरली. गोव्याकडची माझी एक मैत्रीण म्हणाली की त्यांच्याकडे नाव 'रीता' असं, त दाताचा. आई म्हणते रीता कसं चालेल, रिता म्हणजे रिकामा. रिता हंडा, रित्या हाताने. बाळाला असं नाव नको. मग मूळ उच्चार रीता असेल तर आपण रीटा म्हणतो ते चूक का?

ग्रीकच्या_बाई

आईंचा कान पक्का आहे. मराठीत 'रिता' म्हणजे रिकामाच, संस्कृत 'रिक्त'चं ते रूप, आणि या नावाशी त्याचं काही नातं नाही. पण नाव हाकेचं असतं, रोज ऐकायचं असतं, म्हणून शंका रास्त आहे.

मैत्रिणीचंही खरं. ग्रीक, इटालियन, पोर्तुगीज, तिन्हींत हा वर्ण आपल्या त सारखा दंत्य. आजच्या ग्रीसमध्येही मार्गारीता नावाच्या मुलीला रीता म्हणतात. गोव्यात पोर्तुगीजांमुळे रीता राहिलं. आपल्याकडे नाव इंग्रजीतून आलं. इंग्रजीतला टी मराठी माणूस नेहमी ट लिहितो: टेबल, टिकीट, मार्गारेट. मागूआजी मार्गारेट होत्या, मार्गारेत नव्हत्या. त्यांच्या नावाचा तुकडा घ्यायचा तर रीटाच यायला हवा. यात चूक काही नाही.

री दीर्घच लिहा. ऱ्हस्व 'रिटा' लिहिलेलं दिसतं, पण उच्चार लांब आहे आणि मार्गारीटामध्येही तो लांबच आहे.

बेकरी_ईस्ट_स्ट्रीट

बाई, एक विचारायचं राहून गेलं. आमच्या कॅम्पातल्या बेकरीत खारी आणि क्रीमरोलला मार्गारिन वापरतात. तेही याच घराण्यातलं का? आणि मार्गेरीता पिझ्झा?

ग्रीकच्या_बाई

दोन्ही! शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१३ साली चरबीतून एक पदार्थ वेगळा केला, त्यावर मोत्यासारखी चमक दिसली म्हणून त्याला मार्गारिक आम्ल म्हटलं. पुढे १८६९ साली मेज-मूरिएसने लोण्याला पर्याय काढला, त्याचं नाव त्यावरून पडलं. तुमच्या खारीच्या पदरांत ग्रीक मोती आहे. पिझ्झा इटलीच्या मार्गेरीता राणीच्या नावाने, १८८९ साली नेपल्समध्ये तिच्यासाठी केला असं सांगतात. गोष्टीच्या तपशिलांवर वाद आहेत, नाव मात्र तिचंच.

वॉर्ड_ऑफिसचा_अनुभव

नावाची चर्चा छान चालली आहे, एक कामाची गोष्ट सांगतो. जन्मदाखल्यावर नाव घालायची घाई करू नका, पण विसरूही नका. नोंद बाळाच्या नावाविना झाली असेल तर वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. एकदा घातलेलं नाव बदलणं मात्र फार त्रासाचं. पत्रिकेत एक, दाखल्यावर दुसरं, बाप्तिस्म्याच्या नोंदीत तिसरं असं झालं तर शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत मूल प्रतिज्ञापत्रं करत राहतं. माझ्या पुतणीचं झालं आहे. आईंच्या 'इथे ऋता, तिथे रीटा' या तोडग्याचा सगळ्यात मोठा तोटा हा. चर्चच्या नोंदीत जे जाईल तेच अक्षरानअक्षर दाखल्यावर घाला, मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंगं आधी कागदावर लिहून बघा.

आत्या_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं. पत्रिका आज छापायला गेली, नाव 'रीटा'. आई स्वतः म्हणाली, "मार्गारेटबाईंची पणती आहे, त्यांचंच नाव लागू दे." भावजय तिच्या गळ्यात पडली. दाखल्यावर आणि बाप्तिस्म्याला 'मार्गारीटा' घालायचं आणि हाकेला रीटा, असाही एक विचार निघाला होता, पण वॉर्ड ऑफिसवाल्या दादांचं वाचून सगळीकडे रीटाच ठेवलं.

शेवटचा प्रश्न, बाई. भावजयीच्या माहेरी नावाचा सण पाळतात, म्हणजे ज्या संताचं नाव त्या संताचा दिवस. तिचे मामा म्हणतात रीटाचा सण २२ मे. मागूआजी मात्र २० जुलैला चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, सांगायच्या. मग बाळाचा कोणता?

ग्रीकच्या_बाई

दोन्ही तारखा बरोबर आहेत, संत वेगळ्या आहेत. २० जुलै अंत्युखियाच्या मार्गारेटचा, आजींचं नाव मार्गारेट म्हणून त्या तो पाळायच्या. १९६९ साली कॅथलिक चर्चने सार्वत्रिक दिनदर्शिकेतून तिचं नाव काढलं, कारण तिच्या चरित्राला ऐतिहासिक आधार फार थोडा, पण जुन्या घरांत तो दिवस चालू राहिला. ग्रीक चर्च तिलाच मरीना म्हणून १७ जुलैला आठवतं.

२२ मे कास्याच्या रीटाचा. इटलीतल्या उंब्रियातली ही संत, बाप्तिस्म्याचं नाव मार्गेरीता. नवरा मारला गेला, दोन्ही मुलगे गेले, मग ती ऑगस्टीनियन मठात गेली. पंधराव्या शतकातली, पण संतपद मिळालं १९०० साली. अशक्य वाटणाऱ्या अडचणींत लोक तिला हाक मारतात आणि तिच्या दिवशी चर्चमध्ये गुलाब आशीर्वादून वाटतात.

बाळाचं नाव रीटा, तेव्हा तिचा सण २२ मे. २० जुलैला आजींची मिस्सा सांगायची ती चालू ठेवा.